कळवायचे कोणाला?

"मॅडम, ही चहाडी तर नाही ना?"

प्राध्यापक-कक्षाच्या दारात उभी राहून एका विद्यार्थिनीने मला हे विचारले, त्याला आता बरीच वर्षे झाली. २०१९चा सप्टेंबर होता, अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस. रात्रभर विसर्जनाला गेलेली मुले घरी झोपली होती आणि वर्ग निम्म्याहून अधिक रिकामे होते. तिने एका वर्गमित्राविषयी मला काही सांगितले होते. सांगून झाल्यावर, जायला वळताना, तिला हा प्रश्न पडला.

मी मराठी शिकवते. शब्दांच्या छटा समजावून सांगणे हाच माझा पोटापाण्याचा उद्योग. तरी त्या वेळी "नाही गं, चहाडी कसली!" यापलीकडे मला तिला काही सांगता आले नाही. चहाडी नव्हे, तर मग ते काय होते? तक्रार तर नक्कीच नव्हती. आपल्या एखाद्या माणसाचे काही ठीक चाललेले नाही, हे त्याच्या भल्यासाठी दुसऱ्या कोणाला जाऊन सांगणे, या कृतीला मराठीत स्वतंत्र नाव नाही. चहाडी, चुगली, लावालावी, बोभाटा असे शब्द मात्र पैशाला पासरी आहेत. 'कानावर घालणे' त्यातल्या त्यात बरे. पण त्यातही सांगणाऱ्याने आपले हात झटकले, अशी एक सूचना आहेच. उरतो तो 'कळवणे' हा साधा, कार्यालयीन शब्द. शब्दकोशात तो 'कळवळा'च्या शेजारी असतो, एवढाच त्याचा काय तो दिलासा.

हा लेख त्या मुलाविषयी आहे, तितकाच माझ्या चुकीविषयीही आहे. लिहिण्याआधी मी त्याची परवानगी घेतली. त्याने दोन अटी घातल्या : नाव नको, आणि वडिलांचा दोष होता असे कुठेही लिहायचे नाही. पहिली अट पाळण्यासाठी काही तपशील बदलले आहेत. दुसरी पाळण्यासाठी काहीच बदलावे लागलेले नाही.

मी अंधेरीला राहते. सकाळच्या मेट्रोने घाटकोपरला यायचे आणि तिथून धीमी लोकल पकडायची, हा नित्यक्रम. आमचे महाविद्यालय मध्य रेल्वेवर, घाटकोपर आणि मुलुंड यांच्या दरम्यान आहे. मराठीच्या वर्गात येणारी मुले विक्रोळी-भांडुपच्या डोंगरउतारावरच्या वस्त्यांतली, काही थेट कळवा-दिव्याहून येणारी. बहुतेक जण दुपारनंतर कुठे ना कुठे काम करतात. हा मुलगा लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात संध्याकाळी चार ते दहा उभा असे. घरातला पदवीपर्यंत पोचलेला तो पहिलाच. दुसऱ्या वर्षी तो खिडकीशेजारच्या तिसऱ्या बाकावर बसून अडचणीचे प्रश्न विचारायचा. तिसरे वर्ष सुरू झाले आणि जुलैपासून तो दिसेनासा झाला.

महाविद्यालयाला हे कळले नाही असे म्हणता येणार नाही. ७५ टक्के हजेरीचा नियम आहे आणि ती ज्यांची भरत नाही त्यांची यादी फलकावर लागते. तिला सगळेच 'डिफॉल्टर लिस्ट' म्हणतात. म्हणजे शब्दशः थकबाकीदारांची यादी. ऑगस्टच्या यादीत त्याचे नाव होते आणि त्या यादीखाली वर्गशिक्षक म्हणून माझी सही होती. एखादा विद्यार्थी अडचणीत असल्याची पहिली बातमी बहुधा अशीच येते : नोटीस बोर्डावर, पिनेला टोचून, सगळ्यांनी वाचावी अशी. मात्र ती बातमी आहे हे आम्हांला कळत नाही. आमच्या लेखी तो फक्त नियमभंग असतो.

दुसरा एक कागदही होता. नॅकच्या मूल्यांकनासाठी प्रत्येक अध्यापकाकडे काही विद्यार्थी 'मेंटी' म्हणून सोपवलेले असतात. माझ्याकडे चौतीस होते. त्यांच्या तक्त्यात 'वैयक्तिक अडचणी' असा एक रकाना असे. सत्राच्या सुरुवातीला एका बैठकीत मी चौतीसही जणांपुढे 'विशेष काही नाही' असे लिहून टाकले होते. त्याच्या नावापुढेही अर्थातच तेच.

ऑगस्टच्या अखेरीस मी वर्गात एक सराव चाचणी घेतली. तो आला होता. प्रश्न 'कोसला'वर होता : पांडुरंग सांगवीकरच्या परात्मतेची चर्चा करा. १९६३ साली आलेल्या या कादंबरीवर इतक्या वर्षांत इतके लिहून झाले आहे की तिची उत्तरे आता ठरून गेली आहेत. याने पहिली दोन पाने ठरल्याप्रमाणे लिहिली. तिसऱ्या पानावर मात्र कर्ता बदलला होता. 'पांडुरंगाला वाटते' याच्या जागी 'मला वाटते' आले होते आणि पुढे शेवटपर्यंत 'मला'च राहिले. खानदेश आणि पुणे मागे पडून त्या पानात भांडुपचा चढ आला, झेरॉक्स यंत्राचा हिरवा प्रकाश आला, आणि सकाळी उठून चपला घालायलाही काही कारण उरत नाही, अशा आशयाचे एक वाक्य आले. मी त्या पानावर लाल शाईने उभी रेघ ओढली आणि शेरा लिहिला : 'विषयांतर. मुद्द्याला धरून लिहा.' वीसपैकी नऊ गुण दिले.

गणेश चतुर्थी त्या वर्षी २ सप्टेंबरला होती. उत्तरपत्रिका मी शनिवारी तपासली होती आणि महाविद्यालय उघडणार होते पुढच्या आठवड्याच्या सोमवारी. मधल्या नऊ दिवसांत ते तिसरे पान मी तीन-चार वेळा काढून वाचले. मनाला रुखरुख होती. पण मी साहित्याची अध्यापक आहे आणि रुखरुखीचे शमन करण्याची आमची साधने फार चांगली असतात. सांगवीकर होणे ही आमच्याकडची जुनी साथ आहे, दर वर्षी वर्गात दोघा-तिघांना तिची लागण होते, असे मी स्वतःला समजावले. उदास लिहिणे म्हणजे उदास असणे नव्हे, निवेदक म्हणजे लेखक नव्हे. हे मीच तर शिकवत होते. प्रत्येक उदास कवितेला केसपेपर जोडायचा ठरवले तर वर्गात कविता शिल्लक राहणार नाही, हेही खरेच होते. हे सगळे युक्तिवाद मला आजही खोटे वाटत नाहीत. फक्त एक गोष्ट त्यांच्या आड दडली होती : पान वाचून मला जे वाटले ते बरोबर की चूक, हे ठरवण्याचा सोपा मार्ग त्या मुलाला विचारणे हा होता, आणि मी तो सोडून समीक्षेच्या बाकी सगळ्या वाटा धुंडाळत होते.

वरिष्ठ सहकाऱ्याशी फोनवर बोलले. ते म्हणाले, "लेखी काही करू नका. उद्या काही झालं तर पहिलं नाव तुमचं येईल." त्यांनी ते माझ्या काळजीपोटीच सांगितले. अशा संस्थांमध्ये एकमेकांची काळजी आम्ही बहुधा याच पद्धतीने घेतो.

सोमवारी मी जे केले ते मात्र केवळ माझे होते. प्रवेश अर्जावरून वडिलांचा क्रमांक घेतला आणि फोन लावला. तुमचा मुलगा वर्गात येत नाही, त्याच्याविषयी थोडे बोलायचे आहे, काळजी वाटते, असे म्हटले. 'काळजी' हा शब्द मी नक्की वापरला होता. तो त्यांच्यापर्यंत पोचला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मुलाला घेऊन आले. रात्रपाळीचे सुरक्षारक्षक, अंगावर गणवेश तसाच, टोपी हातात. प्राध्यापक-कक्षात आम्ही सात-आठ जण होतो. त्यांनी सगळ्यांनाच हात जोडले.

"मॅडम, एकदा माफ करा त्याला. परत असं होणार नाही. मी जबाबदारी घेतो."

मी म्हणाले, "अहो, तक्रार नाही ही." पण तोवर इतरांनी विषय हातात घेतला होता. आईवडिलांच्या कष्टांची जाणीव ठेवावी, मोबाइल कमी बघावा, हे वय असेच असते, वगैरे. प्रत्येकाने चार चांगले शब्द सांगितले. मुलगा फरशीकडे पाहत उभा होता. जाताना वडिलांनी पुन्हा हात जोडले आणि फीचे काही बाकी असेल तर सांगा, म्हणाले. त्या दिवसानंतर तो महाविद्यालयात आला नाही.

ज्या घरात महाविद्यालयाचा फोन फी थकल्यावर, हजेरी भरली नाही तर किंवा मारामारी झाल्यावरच येतो, त्या घरात तो फोन कशासाठी आला असे समजले जाईल? शिकणाऱ्यांची पहिली पिढी असेल तर महाविद्यालय हे पोलीस ठाण्यासारखे किंवा तहसील कचेरीसारखे एक ठिकाण असते. तिथून बोलावणे आले की माणूस आधी हात जोडतो. मी काळजी कळवली होती. पण ज्या वाटेने कळवली ती वाट तक्रारींची होती, आणि त्या वाटेने जे जाईल त्याची तक्रारच होणार. ते मुलाच्या वडिलांनी नव्हे, मी आधी ओळखायला हवे होते.

शुक्रवारी ती मुलगी आली. तिला जे माहीत होते ते माझ्या तिसऱ्या पानापेक्षा कितीतरी अधिक होते. तो काही आठवडे नीट झोपत नव्हता. वाचनालयाची पुस्तके त्याने मुदतीआधीच परत केली होती. मित्रांचे दहा-वीस रुपये शोधून शोधून फेडले होते. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटातून बाहेर पडला होता. दोन दिवसांपूर्वी स्वतःच्या सगळ्या वह्या त्याने तिला आणून दिल्या आणि आता मला लागणार नाहीत, म्हणाला. कोणाला सांगायचे नाही म्हणून त्याने तिला शपथ घातली होती. ती शपथ मोडून ती आली होती. म्हणून चहाडीचा प्रश्न.

आमच्या समुपदेशक आठवड्यातून मंगळवारी आणि गुरुवारी येत. त्या दिवशी शुक्रवार. त्यांचा क्रमांक कार्यालयात मिळाला नाही, शिपायाकडे मिळाला. त्यांनी फोनवर दहा मिनिटांत ज्या गोष्टी सांगितल्या त्या पंधरा वर्षांच्या नोकरीत मला कोणी सांगितल्या नव्हत्या. आजच भेटा. आडून विचारू नका, थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल ही भीती निराधार आहे. उपदेश करू नका. एकटे सोडू नका. आणि कोणाला सांगायचे, हे त्यालाच विचारा.

संध्याकाळी आम्ही दोघी त्या दुकानात गेलो. गिऱ्हाइके होती. तो कोणाच्या तरी नोट्स छापत होता. गर्दी ओसरल्यावर मी त्याला बाहेर बोलावले आणि रस्त्याच्या कडेला, बसगाड्यांच्या आवाजात विचारले, "अरे, जगू नये असं वाटतं का तुला?" आयुष्यभर वाक्ये शिकवणाऱ्या माझ्या तोंडून ते वाक्य फार वेडेवाकडे बाहेर पडले. तो रागावला नाही, दचकलाही नाही. थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "आधी कधीतरी वाटायचं. आता रोज."

मी म्हणाले, "हे मला एकटीला पेलणार नाही. आपण कोणाला तरी सांगू या. कोणाला सांगितलं तर चालेल तुला?"

"घरी नको."

"बरं. मग कोणाला?"

बराच वेळ गेला. "मावशीला," तो म्हणाला.

मावशी कळव्याला राहत होत्या. रात्री साडेनऊला त्या स्टेशनवर उतरल्या, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि "चल, जेवून घे आधी" एवढेच म्हणाल्या. शनिवार-रविवार तो त्यांच्याकडे होता, आणि त्याला एकटे सोडायचे नाही हे त्यांनी न विचारता ओळखले होते. सोमवारी आम्ही महापालिकेच्या रुग्णालयात दहा रुपयांचा केसपेपर काढून मनोविकार विभागासमोरच्या बाकावर तीन तास बसलो. पुढे औषधे झाली, समुपदेशन झाले, काही दिवस बरे गेले आणि काही पुन्हा वाईट. तो एका कारणाचा मामला नव्हता, त्यामुळे एका उपायाचाही नव्हता. कारणांची यादी इथे देत नाही. ती त्याची आहे.

वडिलांना हे मावशींनीच सांगितले, त्यांच्या पद्धतीने, त्यांच्या स्वयंपाकघरात बसवून. नंतर ते मला भेटायला आले तेव्हा म्हणाले, "मॅडम, तुम्ही फोन केला तेव्हा मला वाटलं तक्रार आहे. मला कळलंच नाही." मी त्यांना सांगितले की कळवणारीलाच कळवता आले नव्हते.

हे सगळे घडले त्याच वर्षी, २२ मे २०१९ रोजी, मुंबईतच टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात डॉ. पायल तडवी यांचा मृत्यू झाला होता. जळगावच्या तडवी भिल्ल समाजातली, पदव्युत्तर शिक्षण घेणारी ही तरुण डॉक्टर. वरिष्ठांकडून तिचा जातीवरून छळ होतो हे आपण महाविद्यालयाला आधीच सांगितले होते, असे तिच्या कुटुंबीयांचे म्हणणे होते. प्रकरण न्यायालयात गेले. जून महिन्यात आमच्या प्राध्यापक-कक्षात त्यावर बरीच चर्चा झाली आणि सगळ्यांनीच हळहळ व्यक्त केली, मीही केली. त्या घटनेत आमच्यासाठी काही प्रश्न आहे, असे कोणाला वाटले नाही. खरे तर होता. घरच्यांनी सांगितले, तर ते सांगणे कोणत्या टेबलावर पोचते? तोंडी सांगितलेले कळवणे धरले जाते का? त्याच वर्षी पायलच्या आई आबेदा तडवी आणि हैदराबादच्या रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला यांनी मिळून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. एखाद्या संस्थेत आईचे म्हणणे कोणी ऐकून घ्यावे, यासाठी दोन आयांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागते, हे आपल्या व्यवस्थेचे पुरेसे वर्णन आहे.

आमच्या उपनगरांना जवळचे उदाहरण पवईचे. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी तिथल्या आयआयटीत दर्शन सोळंकी हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी गेला. त्याला जातिभेद सोसावा लागला, असे कुटुंबाने सांगितले. संस्थेच्या समितीला त्याचा थेट पुरावा आढळला नाही आणि तिने त्याच्या घसरत्या अभ्यासाकडे बोट दाखवले. त्या प्रकरणावर निवाडा देण्याचा माझा अधिकार नाही. पण 'घसरता अभ्यास' हे शब्द वाचताना मी थबकले. अभ्यास घसरतो तेव्हा ते कारण असते की खूण? आणि खूण असेल तर ती ज्या गुणपत्रिकांत, ज्या हजेरीपटांत असते, ते कागद अध्यापकांच्याच हातात असतात. जात, पैसा, भाषा, एकटेपणा यांपैकी मुळाशी काय आहे हे हजेरीपट सांगत नाही. तो फक्त विचारपूस करायला सांगतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांमध्ये सर्वाधिक महाराष्ट्रातल्या होत्या. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली एक राष्ट्रीय कृतिगट नेमला. २५ जुलै २०२५ रोजी दुसऱ्या एका निकालात सर्व शिक्षणसंस्थांसाठी बंधनकारक मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण हवे, मदतवाहिन्यांचे क्रमांक ठळकपणे लावलेले हवेत. त्यांपैकी १४४१६ हा 'टेलि-मानस'चा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून आहे, आणि तो हे वाचणाऱ्यांनीही नोंदवून ठेवावा. पोलिसांच्या लचांडाची जी भीती आमच्या सहकाऱ्यांना वाटे, तिचेही पूर्वीचे कारण उरलेले नाही. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू झाला; आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच त्यात गृहीत धरले आहे.

हे सगळे आवश्यक होते आणि उशिरा झाले. पण मला धास्ती वेगळीच आहे. आणखी एक तक्ता येईल, त्यात आणखी एक रकाना असेल, आणि जूनच्या एका बैठकीत आम्ही त्यात 'विशेष काही नाही' असे लिहू. नियम माणसाला समुपदेशकाच्या खोलीच्या दारापर्यंत आणू शकतो. त्या दारापर्यंतचे अंतर कोणीतरी बरोबर चालावे लागते.

आपल्याकडे हे चालणे माहीत असलेला एक शिक्षक होऊन गेला. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि तिथल्या छात्रालयाचे काम त्यांच्याकडे आले. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, त्यांच्यासाठी हाताने लिहून 'छात्रालय' नावाचे दैनिक काढत. खोली झाडणाऱ्याला त्या खोलीत कोण झोपत नाही हे वेगळ्या तक्त्यावाचून कळते. आम्ही गुरुजींना हळवे म्हणून बाजूला ठेवले. पण ज्याला आज कागदोपत्री 'मेंटॉर' म्हणतात ते काम त्यांनी त्या छात्रालयात केले होते. आणि त्याच गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःचे आयुष्य संपवले. हे मी कोणताही निष्कर्ष काढण्यासाठी सांगत नाही. एवढेच वाटते, की इतरांचे पाहणाऱ्याकडेही कोणी पाहावे लागते. एकट्याच्या कळवळ्यावर हे काम सोपवता येत नाही. रस्त्याच्या कडेला मी त्या मुलाला 'मला एकटीला पेलणार नाही' म्हणाले, ते तेव्हा कबुलीसारखे निघून गेले. आज मला वाटते, कळवणे म्हणजे तेवढेच असते : ओझे वाटून घेणे. चहाडी करणारा सांगून मोकळा होतो. कळवणारा मोकळा होत नाही; आपल्या जोडीला आणखी एक माणूस आणतो. आणि तो माणूस कोण असावा, हे ज्याचे दुःख आहे त्याला विचारतो. जिवाला धोका असेल तर त्याचे उत्तर येईपर्यंत थांबता येत नाही, हे खरेच. पण विचारायला फारसा वेळ लागत नाही. मला तो नऊ दिवसांत मिळाला नव्हता.

'कोसला' मी अजूनही शिकवते. परात्मता, अस्तित्ववाद, सगळे सांगते. ते टाळता येणार नाही आणि टाळूही नये. मात्र आता शेवटच्या तासाला एक प्रश्न विचारते : पांडुरंगाच्या आसपास एवढी माणसे आहेत, त्यांतल्या कोणाच्या काय लक्षात आले असेल, आणि त्याने कोणाला सांगायला हवे होते? हा प्रश्न समीक्षेचा नाही, असे एकदा एका हुशार विद्यार्थ्याने मला ऐकवले. त्याचे बरोबर होते. पण त्या तासानंतर दर वर्षी कोणीतरी दारात रेंगाळते.

त्या मुलाने ते सत्र सोडले. पुढच्या वर्षी वर्ग मोबाइलच्या पडद्यावर गेले, तेव्हा त्याने पुन्हा नाव घातले आणि २०२१ मध्ये पदवी घेतली. आता तो नोकरी करतो. त्या मुलीची आणि त्याची मैत्री त्या शुक्रवारनंतर वर्षभर तुटली होती. शपथ मोडल्याचा राग त्याला बरे वाटू लागल्यावर आला, आधी नाही. नंतर तो गेला. माझ्यावरचा एक राग अजून आहे. "बाबांना तसं बोलवायला नको होतं तुम्ही," तो म्हणतो. मी त्यावर काही बोलत नाही.

या लेखासाठी विचारायला फोन केला तेव्हा मी त्याला सांगितले की ती उत्तरपत्रिका माझ्याकडेच राहिली आहे, हवी असेल तर परत देते.

"राहू दे तुमच्याकडेच," तो म्हणाला. "गुण तेवढे वाढवा."

मी पेटीतून ती काढली. तिसऱ्या पानावरचा 'विषयांतर' हा शेरा खोडला. गुण नऊच ठेवले; पहिल्या दोन पानांत त्याने कादंबरीचे प्रकाशनवर्ष चुकवले होते.